सुट्टी मुलांची, कसोटी बाईंची

दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांना नाताळ ते तिथला नववर्षाचा सण हे दोन महिने सर्वांत जड जातात. करारावर सही करण्यापूर्वी या दोन महिन्यांचा विचार केलेला बरा.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी सारा दक्षिण कोरिया श्वास रोखून बसतो. त्या दिवशी मुलांची विद्यापीठ प्रवेशपरीक्षा असते. तिला तिथे 'सुनुंग' म्हणतात. परीक्षार्थींना रस्त्यात गर्दी लागू नये म्हणून सरकारी कचेऱ्या तासभर उशिरा उघडतात. शेअर बाजारही उशिरा सुरू होतो. इंग्रजीच्या पेपरात ४५ प्रश्न असतात आणि त्यांपैकी १७ प्रश्नांची उत्तरे ध्वनिफीत ऐकून द्यायची असतात. ती ध्वनिफीत वाजत असताना, सुमारे ३५ मिनिटे, देशातल्या विमानतळांवर विमानांची चढउतार बंद ठेवली जाते.

जो देश इंग्रजीच्या एका पेपरासाठी विमाने थांबवतो, तिथे इंग्रजी शिकवणाऱ्यांना मागणी असणार हे उघडच आहे. सरकारी शाळांत परदेशी शिक्षक नेमण्याची 'एपिक' ही योजना १९९५ साली सुरू झाली. १९९७ पासून तिसरीच्या वर्गापासूनच इंग्रजी हा विषय आला. तेव्हापासून हजारो तरुणतरुणी एका वर्षाच्या करारावर तिथे गेल्या. पगार ठीक, राहायला लहानसे घर, विमानभाड्याला हातभार आणि वर्ष पुरे केले की एका महिन्याच्या पगाराइतकी निवृत्तीची रक्कम. कागदावर हे सारे आकर्षक दिसते. त्यातच 'हिवाळ्याची दीर्घ सुट्टी' हे शब्द वाचले की मन हरखून जाते.

पण ही सुट्टी कोणाची, हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात.

सुट्टी आहे, पण मोकळीक नाही

कोरियातले शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि फेब्रुवारीत संपते. डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शाळा हिवाळ्यासाठी बंद होतात. फेब्रुवारीत कुठे काही दिवस भरतात, कुठे थेट मार्चमध्येच उघडतात. म्हणजे मुलांना दोन महिन्यांच्या आसपास सुट्टी मिळते.

शिक्षकाला मात्र तेवढी मिळत नाही. एपिक योजनेतल्या शिक्षकाने आठवड्याला २२ तास शिकवायचे आणि ४० तास शाळेत हजर राहायचे असते. सणाच्या सरकारी सुट्ट्या वेगळ्या आणि वर्षाची भरपगारी रजा वेगळी, पण ही रजा वर्षभरात थोड्याच आठवड्यांची. शाळा बंद असली तरी उरलेल्या दिवसांत शिक्षकाला कामावर जावेच लागते. रिकाम्या इमारतीत, शिक्षकांच्या खोलीत एकट्याने बसून पुढच्या सत्राचे धडे तयार करायचे. परदेशी शिक्षक आपसात थट्टेने याला 'खुर्ची ऊबदार ठेवण्याची नोकरी' म्हणतात.

जानेवारीत एखाददोन आठवडे शाळेतच इंग्रजीचे शिबिर भरते. त्याची आखणी आणि शिकवणे बहुतेक परदेशी शिक्षकाकडेच सोपवलेले असते. वर्षभर सोबत शिकवणारे कोरियन शिक्षक त्या काळात प्रशिक्षणाला किंवा रजेवर असतात. त्यामुळे भाषा न येणाऱ्या नवख्या बाईंवर वीसेक मुलांचा वर्ग एकटीने सांभाळण्याची वेळ बहुधा याच दिवसांत प्रथम येते.

खासगी वर्गांत तर याच्या नेमके उलट असते. तिथे सुट्टी म्हणजे हंगाम.

दिवेलागणीनंतरची शाळा

खासगी शिकवणी वर्गाला कोरियात 'हागवॉन' म्हणतात. शाळा सुटली की मुले तिथे जातात. कोणी गणिताला, कोणी पियानोला आणि इंग्रजीला तर बहुतेक सगळीच. २०२४ सालच्या सरकारी पाहणीनुसार कोरियातली ८० टक्के शाळकरी मुले कुठल्या ना कुठल्या खासगी शिकवणीला जात होती आणि पालकांनी त्या वर्षी शिकवण्यांवर २९ लाख कोटी वॉनहून अधिक खर्च केला होता. राजधानी सोलमध्ये रात्री दहानंतर हे वर्ग बंद ठेवावेत असा नियम करावा लागला. त्याविरुद्ध काही पालक आणि वर्गचालक न्यायालयात गेले, पण २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने मुलांच्या झोपेच्या आणि आरोग्याच्या बाजूने निकाल देऊन नियम कायम ठेवला.

शाळेला सुट्टी लागली की या वर्गांत सकाळपासून खास तुकड्या सुरू होतात. मुलाची सकाळ मोकळी झाली, मग ती वाया का घालवायची, असा हिशेब असतो. बारावीच्या मुलांचे क्लास पाहिलेल्या मराठी पालकाला यात अनोळखी असे काही वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे ही धावपळ पहिली-दुसरीपासूनच सुरू होते.

हागवॉनमध्ये नोकरी करणाऱ्या परदेशी शिक्षकाला म्हणूनच जानेवारीत नेहमीपेक्षा जास्त तास पडू शकतात. रजा मोजकी आणि तीही बऱ्याचदा मालक ठरवील तेव्हा. नाताळात घरी जाऊन येऊ, असे आईला कबूल करून निघालेल्या मुलीला डिसेंबरात 'यंदा जमणार नाही' असा फोन करावा लागतो, तो यामुळेच.

गुण नसलेले दोन आठवडे

एवढे वाचून कोणाला वाटेल की हे सारे कष्टाचेच काम आहे. तसे नाही. याच सुट्टीत शिक्षकाला एक संधी मिळते आणि ती वर्षभरात पुन्हा मिळत नाही.

शाळेतल्या हिवाळी शिबिराला परीक्षा नसते. गुणपत्रिका नसते. पाठ्यपुस्तक संपवायचे नसते. एरवी ज्या मुलाने इंग्रजी म्हणजे बरोबर पर्यायावर खूण करणे एवढेच पाहिलेले असते, त्याला इथे इंग्रजीत पाककृती करता येते, नाटुकले बसवता येते, दुकान मांडून खोट्या नोटांनी भाजी विकता येते. चुकले तरी कोणी लाल शाई वापरत नाही. अनुभवी शिक्षक सांगतात, वर्गात वर्षभर तोंड न उघडणारे मूल शिबिरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपणहून बोलू लागते.

म्हणून शिबिरासाठी अभ्यासाच्या छापील कागदांचा गठ्ठा नेण्यापेक्षा खेळ न्यावेत. कोरियातला नववर्षाचा एक जुना खेळ आहे, 'युत'. चार काठ्या उडवायच्या, त्या उताण्या पडल्या की पालथ्या यावरून पटावरच्या सोंगट्या पुढे न्यायच्या. आपल्या सारीपाटाशी त्याचे सहज नाते जुळते. हाच खेळ इंग्रजीत खेळायला लावला की आकडे, दिशा, विनंती, तक्रार, सगळी वाक्ये मुलांच्या तोंडी आपोआप येतात.

भारतातून गेलेल्या शिक्षिकेला तर आणखी एक धागा सापडतो. संक्रांत बरोबर शिबिराच्या दिवसांत येते. तिळाची वडी वाटली तर मुलांना ती परकी वाटणार नाही. कारण नववर्षाला त्यांच्याही घरी तीळ आणि लाह्या पाकात घोळवून वड्या करतात. त्यांना 'गांगजोंग' म्हणतात. 'तिळगूळ घ्या' या वाक्याचा अर्थ इंग्रजीत समजावून सांगताना वर्गाचा तास कधी संपतो, तेही कळत नाही.

दोन सण, दोन तऱ्हा

कोरियात नाताळची सरकारी सुट्टी १९४९ पासून आहे. २०१५ च्या जनगणनेत सुमारे २८ टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे नोंदवले होते. ते लोक प्रार्थनेला जातात. बाकीच्यांसाठी, विशेषतः तरुणांसाठी, नाताळ हा जोडीने फिरण्याचा दिवस. बेकऱ्यांत केकच्या राशी लागतात, उपाहारगृहांत जागा मिळत नाही. सुट्टी एकाच दिवसाची. २६ तारखेला पुन्हा काम.

डिसेंबरात शाळेतल्या आणि वर्गांतल्या शिक्षकांचे वर्षअखेरचे जेवण असते. त्याला जाणे टाळू नये. तिथे वडीलधाऱ्यांनी पेला पुढे केला तर दोन्ही हातांनी घ्यावा आणि आपला पेला आपण भरू नये, समोरच्याचा भरावा, अशी रीत आहे. मद्य घेत नसल्यास तसे आधीच सोबतच्या शिक्षिकेला सांगून ठेवावे आणि पेल्यात सरबत घेऊन सर्वांबरोबर उचलावे. नम्रपणे नाही म्हटलेले सहसा चालते. न जाणे मात्र मनाला लागते.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री सोलमध्ये बोशिनगाक इथली मोठी घंटा ३३ वेळा वाजवली जाते. ती ऐकायला कडाक्याच्या थंडीतही प्रचंड गर्दी लोटते. कित्येक जण त्याच रात्री पूर्व किनाऱ्यावर पोचतात आणि वर्षाचा पहिला सूर्योदय समुद्रातून वर येताना पाहतात. नव्या शिक्षकाने या दोहोंपैकी एक अनुभव तरी जरूर घ्यावा.

खरे मोठे नववर्ष मात्र चांद्र पंचांगाचे. त्याला 'सोल्लाल' म्हणतात. ते जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते. २०२५ मध्ये ते २९ जानेवारीला होते, २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला. तीन दिवस सुट्टी असते आणि सारा देश गावाकडे निघतो. आगगाडीची तिकिटे विक्री सुरू होताच संपतात.

सोल्लालच्या सकाळी घरात पितरांसमोर ताटे मांडतात. नंतर धाकटी माणसे वडीलधाऱ्यांना जमिनीवर टेकून नमस्कार करतात. थोरले आशीर्वाद देतात आणि मुलांच्या हातावर पैसे ठेवतात. मग तांदळाच्या लांबट वड्यांच्या चकत्या घातलेला गरम रस्सा सगळे मिळून खातात. त्याचे नाव 'तोक्कुक'. हा एक वाडगा खाल्ला की माणूस एका वर्षाने मोठा होतो असे मानतात. म्हणून मोठे व्हायची घाई झालेली मुले दोन वाडगे मागतात.

वयाच्या या हिशेबाने इंग्रजीच्या शिक्षकांची वर्षानुवर्षे पंचाईत केली. 'तुझे वय किती?' या पहिल्याच धड्यातल्या प्रश्नाला प्रत्येक मुलाकडे दोन उत्तरे असत. जन्मताच एक वर्ष आणि दर १ जानेवारीला आणखी एक, ही जुनी मोजणी एक उत्तर देई, वाढदिवसाची मोजणी दुसरे. जून २०२३ पासून सरकारी कामात वाढदिवसाचीच मोजणी धरण्याचा कायदा लागू झाला. घरोघरी आजीआजोबा अजून जुन्याच हिशेबाने बोलतात, ती गोष्ट वेगळी.

तीन दिवसांचा एकांत

परदेशी शिक्षकाला नाताळपेक्षा सोल्लालच अधिक जाणवतो. नाताळात निदान रस्ते गजबजलेले असतात. सोल्लालला शेजारी गावी गेलेले, ओळखीची खानावळ बंद, मैत्रिणी आपापल्या कुटुंबात. एका खोलीच्या घरात तीन दिवस काढायचे. बाहेर पारा शून्याखाली. उत्तरेकडून वारे आले तर सोलमध्ये रात्रीचे तापमान उणे १० अंशांच्याही खाली जाते. घरातली जमीन खालून तापवण्याची 'ओंदोल' ही सोय फार सुखाची, पण ती दिवसरात्र चालू ठेवली तर महिनाअखेरीस गॅसचे बिल डोळे पांढरे करते.

घरची आठवण या तीन दिवसांत उसळून येते. करार मोडून परतावे असे वाटू लागते. पण या दिवसांत कोणताही निर्णय घेऊ नये. वर्ष पुरे व्हायच्या आत नोकरी सोडली तर निवृत्तीची रक्कम मिळत नाही, परतीचे भाडेही बुडू शकते आणि व्हिसा त्या नोकरीशीच बांधलेला असतो.

त्यापेक्षा आधीच तयारी ठेवावी. डाळ, तांदूळ, पीठ, मसाले सणापूर्वीच भरून ठेवावेत. सोलच्या इतेवॉन भागात भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत. शाकाहारी मंडळींनी तर हे विसरूच नये. किमचीतही खारवलेले मासे किंवा कोळंबी असते आणि साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशांचे पाणी असू शकते. सणाच्या दिवसांत सोलचे जुने राजवाडे पाहायला जाता येते. बौद्ध मठांत एकदोन रात्री राहण्याची सोय २००२ पासून आहे. तिथले जेवण पूर्ण शाकाहारी असते. आणि एखाद्या सहशिक्षिकेने 'आमच्या घरी या' म्हटले तर संकोच न करता जावे. फळांची पेटी न्यावी, आजीआजोबांना वाकून नमस्कार करावा. ही गोष्ट मराठी घरातल्या मुलीला कोणी शिकवायला नको.

कोण जाऊ शकते?

परदेशी भाषाशिक्षकाला कोरिया 'ई-२' व्हिसा देतो. तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशांत वाढलेली, तिथले नागरिक असलेली मराठी घरांतली पदवीधर मुले या मार्गाने अर्ज करू शकतात.

भारतीय पारपत्रावरही एक दार उघडे आहे, पण अरुंद. भारत आणि कोरिया यांच्यात १ जानेवारी २०१० पासून आर्थिक भागीदारीचा करार लागू आहे. त्यानुसार इंग्रजी विषयाची पदवी आणि शिक्षकाची अधिकृत पात्रता असलेल्या भारतीयांना शाळांमध्ये इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून काम करता येते. केवळ 'इंग्रजी चांगले बोलता येते' एवढे पुरत नाही. शिवाय कोरियात मुलांची संख्या झपाट्याने घटते आहे. २०२३ मध्ये तिथला जननदर ०.७२ इतका खाली गेला होता. शाळांचे वर्ग रिकामे होत आहेत, त्यामुळे जागाही पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत.

म्हणूनच 'सुट्टीत दोन महिने कोरियात इंग्रजी शिकवा, पैसेही मिळवा आणि फिरूनही या' अशी जाहिरात दिसली तर सावध व्हावे. पर्यटक व्हिसावर शिकवणे बेकायदा आहे. थोड्या दिवसांच्या कामालाही कामाचाच व्हिसा लागतो. ई-२ वर गेलेल्यानेही फावल्या वेळात घरी शिकवण्या घेतल्या तर दंड होतो आणि देश सोडावा लागू शकतो. एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. मुलगी-मुलगा जाण्याच्या भरात असतात. हे तपासणे आईवडिलांनीच मनावर घ्यावे.

सहीपूर्वी हे विचारा

• वर्षात भरपगारी रजा किती दिवस आणि ती कधी घ्यायची हे कोण ठरवणार?
• हिवाळी शिबिराचे किंवा सुट्टीतल्या खास तुकड्यांचे तास नेहमीच्या तासांत धरले जातात की वेगळे? वेगळे असतील तर मोबदला किती?
• शाळा बंद असताना रोज हजर राहावे लागेल का?
• घर शाळेचे की भाड्यासाठी रक्कम? हिवाळ्यातले गॅसचे बिल कोण भरणार?
• परतीचे भाडे आणि निवृत्तीची रक्कम करारात लिहिली आहे का?

उत्तरे तोंडी न घेता करारात लिहून घ्यावीत. सध्या तिथे काम करत असलेल्या एखाद्या शिक्षकाशी बोलण्याची परवानगी मागावी. जी संस्था ती नाकारते, तिथे जाऊ नये. आणि आपले पारपत्र कोणत्याही मालकाच्या ताब्यात देऊ नये.

हलबर्ट यांची वाट

कोरियाच्या राजाने १८८६ साली सोलमध्ये इंग्रजी शिकवणारी एक सरकारी शाळा काढली आणि अमेरिकेतून तीन तरुण शिक्षक बोलावले. त्यांतले एक होते होमर हलबर्ट. ते इंग्रजी शिकवायला आले, पण थोड्याच वर्षांत स्वतः कोरियन शिकले. त्या काळी तिथले विद्वान चिनी लिपीत लिहीत आणि देशी हांगुल लिपीला कमी लेखत. हलबर्ट यांनी त्याच हांगुल लिपीत जगाच्या भूगोलाचे पाठ्यपुस्तक लिहिले. पुढे कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी धडपड केली, म्हणून त्यांना १९०७ मध्ये देश सोडावा लागला. १९४९ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, स्वतंत्र कोरियाच्या निमंत्रणावरून ते परत आले आणि आठवड्याभरातच तिथे वारले. सोलमधल्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

एका वर्षाच्या करारावर जाणाऱ्याकडून एवढी अपेक्षा कोणी करणार नाही. पण निघण्यापूर्वी हांगुल लिपी शिकून घ्यायला हरकत नाही. तिची अक्षरे मोजकी आहेत, मन लावले तर एका आठवड्यात वाचता येतात. मग सोल्लालच्या सुनसान रस्त्यावर कोणते दुकान उघडे आहे ते कळते, औषधाच्या दुकानाची पाटी वाचता येते आणि वर्गातल्या मुलाचे नाव फळ्यावर त्याच्याच लिपीत लिहिता येते. आपले नाव बाईंना लिहिता येते हे पाहून ते मूलही इंग्रजीतले एक वाक्य बोलून पाहते.